शिवणीतली माया

वन्संच्या दोन्ही हातांना पिशव्या बांधल्या होत्या. कापूस भरलेल्या, बोटं नसलेल्या, मनगटाशी नाडीची गाठ मारलेल्या. त्यांना मोजे म्हणायचं, असं वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिकाबाईंनी मला समजावलं आणि एक कागद पुढे सरकवला. आठ दिवस बघण्यापुरते घातले होते. कायमचे घालायचे तर घरच्यांची सही हवी. घरची म्हणजे आता मी एकटीच, त्यांची भावजय.

कारण काय, तर वन्सं कपडे फाडतात.

मी पुरावा मागितला, तर त्यांनी वही दाखवली. दर गुरुवारी दोन स्वयंसेविका तिथे आठवणींचा खेळ घ्यायला येतात. एका खोक्यातून जुन्या वस्तू फिरवायच्या. किल्ली, भोवरा, लोकरीचा गुंडा. ज्याच्या हाती जे येईल त्यावरून त्यानं काहीतरी आठवायचं, की मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. वन्संच्या हाती एक जुना सदरा आला. त्यांनी तो उलटा केला, शिवण उसवली आणि एकेक धागा ओढायला लागल्या. काय शोधताय आजी, असं विचारल्यावर म्हणाल्या, "माया. आत असेलच की थोडी."

स्वयंसेविकेचे डोळे म्हणे भरून आले. तिनं वन्संना मिठी मारली आणि वहीत लिहिलं : 'आजींना मायेची ओढ. मुलानं टाकल्याचं शल्य.'

वन्संनी लग्नच केलं नव्हतं. मुलगा कुठून आणला या बाईनं?

माझं डोकं फिरलं. "अहो, माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड," मी म्हटलं. "तुमच्या बाहीलाही असेल, बघा उलटी करून."

एकेचाळीस वर्षं वन्संनी दुकानात बसून रफूचं काम केलं. रफूला बाजारचा दोरा चालत नाही. त्याच कापडाचा धागा मायेतून काढायचा, तेव्हा कुठे रंग आणि पीळ जुळतो. फाडत नव्हत्या त्या, कामाला बसल्या होत्या. सुई तेवढी कुणी दिली नव्हती.

व्यवस्थापिकाबाई म्हणाल्या, की त्यांनी पडदाही उसवलाय.

"भोक होतं का त्याला?"

बाईंनी वहीत पाहिलं. होतं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी कपाटातून यांचा कोट काढला. नोकरीच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी मीच त्याच्या बाहीवर इस्त्रीतला निखारा पाडला होता. वन्संनी दुपारभर खिडकीशी बसून रफू केलं, एका शब्दानं बोलल्या नाहीत, आणि यांना नोकरी लागली. ते भोक कुठे होतं, ते मला पुढे कधी सापडलं नाही. हे गेल्यावर तर मी चष्मा लावून शोधलं होतं.

खेळ सुरू होता. मी कुणाला न विचारता वन्संच्या गाठी सोडल्या. बोटं पांढरीफटक, घामानं चुरगळलेली. कोट मांडीवर ठेवला.

"वा, आजी, कुणाचा हो कोट? भाऊ आठवतो का?" स्वयंसेविका वाकून म्हणाली.

"तुम्ही जरा गप्प बसा," मी म्हटलं.

वन्संची बोटं बाहीवरून सावकाश गेली आणि कोपराच्या चार बोटं वर थांबली. "इथं," त्या म्हणाल्या. मग जरा चाचपून, "आपल्याच दुकानचं काम दिसतंय."

मी वाकून पाहिलं. मला काही दिसलं नाही. स्वयंसेविकेनं टाळीसाठी हात उचलले होते, ते माझ्याकडे बघून खाली घेतले.

भाऊ आठवला नाही. कोट कुणाचा, ते शेवटपर्यंत विचारलं नाही. कॉलरपाशी कसर लागली होती, ती मात्र त्यांना लगेच कळली. "माया आहे अजून," त्या मला म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला सांगा, घाई करायची नाही." आणि अस्तर उसवायला घेतलं.

यांचा तेवढा एकच कोट उरला होता. मी हात धरला नाही.

निघताना कागद टेबलावर बिनसहीचाच ठेवला. मोजे मात्र पर्समध्ये कोंबून घरी आणले आणि उलटे करून पाहिले. शिवणीत माया सोडलेलीच नव्हती.