भाता उघडताना

"नुसतं कमी करा नाही म्हणाल्या, किती कमी ते पण सांगितलंय." देवश्रीने मोबाइल गोविंदरावांच्या चष्म्यासमोर धरला. "सेकंदाला दोन. जास्तीत जास्त अडीच."

गोविंदराव शिर्के जमिनीवर बसून तिच्या ॲकॉर्डियनचे खिळे काढत होते. त्यांनी मोबाइलकडे पाहिलं नाही.

"कोण म्हणालं?"

"मॅडम. सर्बियाच्या. मी ऑनलाइन शिकते ना त्यांच्याकडे. मम्मी बोलली नाही तुम्हाला?"

"नाही बुवा. कधीपासून?"

"आठ महिने झाले असतील. सिलेक्शनचा व्हिडिओ पण त्यांनीच बसवून घेतला. काका, पहिल्याच दिवशी म्हणाल्या, तुझ्या वाद्याची लहर जत्रेत चालेल, स्टेजवर नाही." ती हसली. "मी म्हटलं, आमच्या बडोद्यात नवरात्रीचे नऊ दिवस जत्राच असते ने!"

गोविंदरावही हसले. हसताना हातातला खिळा निसटून कॉटखाली गेला आणि तो शोधायच्या निमित्ताने ते बराच वेळ वाकून राहिले.

ॲकॉर्डियनच्या एका पट्टीखाली एकाच सुराच्या दोन रीड असतात. मधला 'ए' सूर घ्या: एक रीड बरोबर ४४० कंपनांना लावायची, दुसरी किंचित वर. दोन्ही एकदम वाजल्या की सूर हेलकावे खातो, तीच लहर. गोविंदराव दुसरी रीड ४४५ला लावत. सेकंदाला पाच हेलकावे. ढोल, स्पीकर आणि हजारो पायांच्या आवाजातून वर यायचं तर त्याहून कमी चालत नाही, हे त्यांनी गरब्याच्या मैदानात उभं राहून, मोजून ठरवलं होतं. दिवसा ते एका केमिकल प्लांटमध्ये प्रेशर गेज तपासत, आणि उरलेल्या वेळात तीस वर्षं बडोद्यातल्या ऑर्केस्ट्रांचे आणि शाळांच्या प्रार्थनेचे ॲकॉर्डियन दुरुस्त करत. दुरून नुसता आवाज ऐकून लोक ओळखत, हा शिर्क्यांनी लावलेला.

देवश्री आठ वर्षांची असताना तिची आई स्नेहलता तिला पेटी शिकायला घेऊन आली होती. त्यांच्याच सोसायटीत, दोन मजले खाली राहणारी. पेटीऐवजी मुलीच्या गळ्यात ॲकॉर्डियन अडकवला तो गोविंदरावांनी. आता ती सतरा वर्षांची होती. तिचं वाद्य आणि त्यांचं वाद्य एकाच कंपनीचं, एकाच मॉडेलचं. बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राकडून त्यांनी ती जोडी मिळवली होती.

स्पर्धा इटलीत होती, एका लहानशा गावात. जगभरातून वादक यायचे. अठरा वर्षांखालच्यांचा एक गट, व्यावसायिकांचा दुसरा. पहिल्या गटाच्या अंतिम फेरीसाठी देवश्रीची निवड झाली होती आणि तीन आठवड्यांनी मायलेकी निघणार होत्या.

दुसऱ्या गटासाठीही बडोद्यातून एक व्हिडिओ गेला होता, हे देवश्रीला माहीत नव्हतं. गोविंदरावांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. व्यावसायिक गटाला वयाची वरची अट नाही असं वाचल्यावर, चोपन्नाव्या वर्षी, बायको आनंदीबाई भिशीला गेल्या असताना, पंखा बंद करून, खिडक्या लावून, लग्नातला कोट घालून त्यांनी तो केला होता. उत्तरात आभार होते आणि परीक्षकांचं एक वाक्य: वाद्याची जुळणी निवडलेल्या रचनेला पूरक नाही. ते वाक्य त्यांनी भाषांतराच्या ॲपमध्ये तीनदा घालून पाहिलं होतं. तीनदा तेच आलं आणि तिन्ही वेळा त्यांना वाटलं, ॲपला मराठी येत नाही.

आता कळलं. मैदानासाठी लावलेल्या वाद्यावर त्यांनी दिवाणखान्यातलं संगीत वाजवलं होतं.

"आधी बोलली असतीस तर—"

"तर काय, काका?"

"काही नाही. रविवारी ये."

शनिवारी त्यांनी रजा टाकली. एक्केचाळीस पट्ट्या. प्रत्येकीची दुसरी रीड म्हणजे ॲल्युमिनियमच्या एका चकतीवर बसवलेल्या दोन पोलादी जिभा, एक भाता दाबताना वाजणारी, एक उघडताना. एकूण ब्याऐंशी. सूर उतरवायचा तर जीभ मुळाशी खरवडायची, चढवायचा तर टोकाशी. खरवडायचं ते हातानेच, आणि काढलेलं पोलाद परत लावता येत नाही. जेवायच्या वेळेपर्यंत छत्तीस झाल्या. प्रत्येक जिभेबरोबर त्यांची स्वतःची लहर पाचावरून दोनावर येत होती.

आनंदीबाई चहा ठेवायला आल्या. "स्नेहलताने फेसबुकवर टाकलंय. त्या सर्बियाच्या बाईंबरोबर फोटो, स्क्रीनवरचा. 'आमच्या देवूला घडवणाऱ्या' म्हणे."

"बरोबर आहे."

"काय बरोबर? नऊ वर्षं कोण घडवत होतं, मी?"

"तू जा ना आनंदी. हात हलतो माझा."

हात हलत नव्हता. समोर मधल्या 'ए'ची चकती होती. भाता उघडतानाची जीभ. देवश्री जी रचना वाजवणार होती ती त्यांनीच तिला पहिल्यांदा दिली होती. शेवटचा लांब सूर हाच, आणि तिथे भाता उघडायचा हेही त्यांनीच पेन्सिलने लिहून दिलं होतं. त्यांनी खरवडणी मुळाशी टेकवली. तीन खरवडींत ४४२ आलं. मग त्यांनी चौथी दिली. मग पाचवी, दाबून. सूर मोजायच्या मीटरचा काटा ४३९वर उतरला. त्यांनी टोक घासून सूर पुन्हा ४४२वर आणला. काटा स्थिर. कुठलंही यंत्र, कुठलाही कान, सर्बियातलासुद्धा, ह्या रिडेत काही खोट काढू शकला नसता. फक्त मुळाशी आता नखाच्या पापुद्र्याएवढं पोलाद उरलं होतं. असं पोलाद कसं जातं, ते त्यांनी प्लांटमधल्या गेजमध्ये अनेकदा पाहिलं होतं. महिनाभर ते चांगलं काम करतं, आणि मग एका क्षणी करत नाही.

त्यांनी चकती मेणाने जागेवर बसवली आणि पुढची घेतली. चहा गार झाला होता, तोही ते प्यायले.

रविवारी देवश्री आली ती केस धुऊन, ओल्या केसांनीच. खुर्ची ओढून बसली आणि वाजवायला लागली.

गोविंदराव भिंतीला टेकून उभे राहिले. पहिल्या दहा-बारा सेकंदांतच त्यांना कळलं की ही पोरगी त्यांच्या पुढे गेलेली आहे. एका ठिकाणी तिने वाक्य संपवता संपवता थांबवलं, श्वासभर अधांतरी ठेवलं, आणि मग सोडलं. हे त्यांनी शिकवलं नव्हतं. हे त्यांना येतही नव्हतं. दोन हेलकाव्यांची लहर त्या सुरांना इतकी शोभत होती की त्यांना वाटलं, हे वाद्य गेली नऊ वर्षं आपण उगाच ओरडायला लावलं.

पण त्यापुढचं त्यांनी ऐकलंच नाही. मधला 'ए' यायचा आणि त्यांची मान ताठ व्हायची. ते मोजू लागले. सेहेचाळीस वेळा आला. शेवटचा अकरा सेकंदांचा. सेकंदाला चारशे बेचाळीस म्हणजे चार हजार आठशे बासष्ट वेळा ती जीभ मुळाशी वाकली, आणि तुटली नाही. मुलगी हसत होती आणि त्यांच्या सदऱ्याची पाठ भिजली होती.

"काका, एकदम सरस! शेवटचा बघितला? कसा सरळ उभा राहतो आता."

"ठेव इथेच. एक रीड कच्ची आहे."

"कुठली?"

"मधला ए. उघडतानाचा."

तिने कान लावून तोच सूर पुन्हा ओढला. "मस्त तर आहे. तुम्ही उगाच—"

"वाजवू नकोस! ठेव म्हटलं ना."

देवश्रीने पट्टे खांद्यावरून उतरवले. वाद्याकडे बघतच तिने विचारलं, "काका, मॅडमचं सांगितलं नाही म्हणून रागावलात का माझ्यावर?"

"राग नाही," ते म्हणाले, आणि ते खरं होतं. जे होतं त्याचं नाव तिला सांगण्यासारखं नव्हतं. "मंगळवारी ने."

अशी चकती बडोद्यात मिळत नाही, मुंबईतही नाही. मागवली तर दोन महिने. गोविंदरावांनी त्याच दुपारी माळ्यावरून स्वतःचा ॲकॉर्डियन उतरवला, खिळे काढले, आणि मेण गरम करून मधल्या 'ए'ची दुसरी चकती सोडवली. आनंदीबाई दारात उभ्या होत्या.

"तुमचा कशाला उघडलात?"

"हिची एक रीड खराब झाली."

"अशी कशी झाली?"

"झाली."

"मग तुमच्यात काय बसवणार?"

"काही नाही. भोक बुजवायचं चामड्याने. पहिली रीड आहेच की. तेवढा एक सूर लहरीशिवाय वाजेल."

आनंदीबाई आत येऊन कॉटवर बसल्या. टेबलावर काढून ठेवलेली, मुळाशी चकचकणारी जीभ त्यांनी पाहिली. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. नवऱ्याचं तोंड कळत होतं.

"भिशीच्या दिवशी लग्नातला कोट कशाला काढला होतात, ते मी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला होता घरभर."

गोविंदराव खरवडणी पुसत राहिले. "नाही झालं माझं सिलेक्शन."

"ते समजलंच. झालं असतं तर तुम्ही गप्प बसला असता होय?"

त्यांनी आपल्या वाद्यातली जीभ तीन खरवडींत ४४२वर आणली. एकही जास्त नाही. मग भाता दाबतानाची, तीही. दोन्ही भिंगाखाली उलट्यासुलट्या करून पाहिल्या, आणि चकती देवश्रीच्या वाद्यात बसवली.

स्पर्धा रविवारी आली. इटलीतले सकाळचे अकरा, इथे अडीच. आनंदीबाईंनी मोबाइल टीव्हीला जोडला. हॉल गोविंदरावांनी मनात बांधला होता त्यापेक्षा लहान होता, लाकडी, पिवळ्या उजेडाचा, आणि म्हणूनच जास्त हवासा. तिन्ही परीक्षकांपुढे पाण्याचे पेले होते. ह्यांच्यापैकीच कुणीतरी ते वाक्य लिहिलं असेल. कुणी, ते चेहऱ्यांवरून ठरवायचा त्यांनी प्रयत्न केला. निवेदिकेने देवश्रीचं नाव कसंबसं उच्चारलं, मग सर्बियाच्या मॅडमचं, अगदी स्वच्छ.

"बघा," आनंदीबाई पुटपुटल्या.

"ऐकू दे."

काळ्या कपड्यांतली देवश्री मोठी दिसत होती. ती वाजवत गेली आणि ते सोफ्याच्या कडेवर बसून ऐकत राहिले. ह्या वेळी त्यांनी मोजलं नाही. ते अधांतरी ठेवलेलं वाक्य आलं, तेव्हा समोरच्या परीक्षकाने पेनाचं टोपण लावून पेन खाली ठेवलं, आणि गोविंदरावांना तो माणूस आवडेना, ती जागा आवडेना, आपल्याला ती कधीच सापडली नाही हे आवडेना. त्यातलं काहीही कमी झालं नाही.

मग शेवटचा सूर आला. भाता उघडू लागला. दोन संथ हेलकाव्यांवर तो सूर हॉलभर पसरत राहिला. सात सेकंद, आठ, नऊ.

आनंदीबाईंनी काहीतरी बोलायला मान वळवली आणि त्या थांबल्या. गोविंदरावांचा डावा हात मांडीवरून उठला होता. कोपरात किंचित वाकलेला, मनगट ताठ, तो सोफ्याच्या बाहेर, रिकाम्या हवेत, हळूहळू उघडत चालला होता. टीव्हीवरचा सूर संपला, टाळ्या सुरू झाल्या, तरी तो तसाच ताणलेला होता.

आनंदीबाईंनी तिकडे पाहिलं नाही असं दाखवलं, आणि रिमोट घेऊन टाळ्यांचा आवाज थोडा कमी केला.