अठ्ठावन्नावा पैलू

गोल हिऱ्याला पैलू सत्तावन्न. खालचं टोक बोथट केलं तर अठ्ठावन्न, पण ते आमच्या कारखान्यात करत नाहीत. माझ्या ताईने कडेखाली एक जास्तीचा पाडला, तपासणीच्या मोजणीत अठ्ठावन्न भरले आणि मालकांनी तिला हिरे घासायच्या चाकावरून उठवलं. बावीस वर्षांची नोकरी एका पैलूपायी गेली. "ए बाई, डोळे फुटले का तुझे?" एवढाच तिचा निरोप समारंभ.

ताईचं म्हणणं त्यांनी ऐकूनही घेतलं नाही. त्या हिऱ्याच्या कडेचा बारीकसा टवका उडालेला होता. तो घालवायचा तर अख्खा हिरा लहान करावा लागला असता. म्हणून तिने तेवढ्याच जागी एक तिरपा पैलू घेतला आणि शेजारच्या तिघांना केसभर सरकवून उजेडाचं गणित जुळवलं. हिरा वाचला, वाचवणारी घरी बसली.

पुढे तो हिरा एका बड्या गिऱ्हाइकाच्या सुनेला भारी आवडला. म्हणे, हलवला की एका बाजूने हसतो. झालं! पंधरा दिवसांत गुळगुळीत कागदावर या नव्या कटचा उगम छापून आला. मालक म्हणे तळ्याकाठी चिंतनात बसले होते, पाण्यावरची तिरीप बघून त्यांना हा पैलू सुचला. अहो, हा माणूस खुर्चीतून उठायचं झालं तरी शिपायाला हाक मारतो, तळ्याकाठी कुठला जातोय? वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मला नोकरी हवी होती, म्हणून मान खाली घालून चाक फिरवत राहिले.

मग मागणी आली आणि मालकांनी मशीनवर नकला काढल्या. जास्तीचा पैलू बरोब्बर जागेवर, शेजारचे तिघे मात्र होते तिथेच. हसणारा हिरा दात पडल्यासारखा दिसायला लागला. तेव्हा कुठे मालकांना ताईची आठवण झाली. निरोप न्यायला मीच.

ताई आली. केबिनमध्ये गादीची खुर्ची, चहा आणि 'बाईसाहेब, बाईसाहेब'. मालकांनी कागद पुढे सरकवला. नोकरी परत मिळणार होती, फक्त हा कट आपल्याला मालकांनी शिकवला असं तिने लिहून द्यायचं. चार महिने ती घरी नुसती बसून होती; जेवताना मिठाचा खडासुद्धा चिमटीत धरून उजेडात फिरवायची. ती सही करेल असं मला वाटलं. खरं सांगते, करावी असंही वाटलं.

तिने पेन उचललं. "करते सही. साहेब, तो पैलू नेमका कुठला, तेवढं दाखवा."

नमुन्यासाठी मागून आणलेला तो मूळ हिरा टेबलावरच होता. मालकांनी भिंग डोळ्याला लावलं. हिरा फिरवला, उलटा केला, पुन्हा फिरवला. चहावर साय धरली. शेवटी त्यांनी चिमट्याच्या टोकाने एक जागा दाखवली.

"हा शेजारचा," ताई म्हणाली.

मालकांनी भिंग काढलं नाही. हळूच विचारलं, "मग तो कुठे आहे?"

"त्या दिवशी मी तेच सांगत होते," ती म्हणाली आणि पेन ठेवून उठली.

जिन्यात मात्र ती हमसून हमसून रडली. तीच नोकरी दुसऱ्यांदा गेली होती. वरून मालक मला हाका मारत होते. मी ताईचा हात धरला आणि आम्ही दोघी खाली उतरलो.