उसने आकडे

बांधकामावरच्या उंच क्रेनच्या खोलीत बावीस वर्षं बसलेल्या माणसाला खाली गोदामात बसवणं म्हणजे जिवंतपणी पुरणं, असं क्रेनवाल्याचं ठाम मत होतं. आणि तीच वेळ त्याच्यावर आली होती. कंपनीच्या तपासणीत त्याचं बीपी दीडशे निघालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दवाखान्यात घाबरूनही वाढतं. आठवडाभर घरी मोजा, सकाळ-संध्याकाळ, आणि आकडे आणून द्या." सोबत कसं मोजायचं त्याचा छापील कागद दिला. आकडे वाईट आले तर गोदाम.

पण आकड्यांवर माणसाचा चेहरा थोडाच छापलेला असतो? बायको ठणठणीत होती. सर्दीसुद्धा तिच्या वाटेला जायची नाही. तिचे आकडे आपले म्हणून द्यायचे, की झालं. सकाळी तिला झाडू मारताना गाठून त्याने आवाजात मध ओतला.

"अगं, बस जरा. तुझं बीपी बघू."

"माझं? कशाला?"

"वय झालं आता. काळजी नको का घ्यायला?"

ती अशी काही हसली की त्याला लाज वाटली. पण क्षणभरच. बाहीवरूनच त्याने मशीनचा पट्टा गुंडाळला. ती पायावर पाय टाकून भाचीच्या लग्नाबद्दल बोलत राहिली. मशीन घुरघुरलं आणि आकडा आला, एकशे ब्याण्णव.

"तोंडाचा पट्टा बंद ठेवशील का? मशीनसुद्धा वैतागलं," तो म्हणाला आणि मुकाट्याने कागद काढला. मग सगळं कागदाप्रमाणे केलं. बाही वर, पट्टा उघड्या दंडावर. पाठ खुर्चीला, दोन्ही पाय जमिनीवर. हात टेबलावर उशी ठेवून छातीच्या उंचीला. पाच मिनिटं गप्प. वरचं एकशे शहाण्णव, खालचं एकशे अठरा. एक मिनिट थांबून पुन्हा. एकशे चौऱ्याण्णव. दुसऱ्या दंडावरही तेच.

मशीनच बिघडलंय, या आशेवर त्याने पट्टा स्वतःला बांधला. शांत बसणं काही जमलं नाही, तरी आकडा आला एकशे बावन्न. म्हणजे मशीन ठीक होतं. आणि तिचा आकडा खरा.

"किती आलं माझं?" बायकोने विचारलं.

"जास्त आहे."

"तरीच. दोन महिने सकाळी डोकं ठणकतं. कालपासून डावीकडचं धूसर दिसतंय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?" ती सहज म्हणाली. "आज विचारलंत, तर सांगितलं."

तो भयंकर घाबरला. क्रेनच्या खोलीत वादळ झेललेला माणूस, पण फोनवरचे नंबर त्याच्या बोटांना सापडेनात. शेवटी डॉक्टरबाई लागल्या. फोन टेबलावर ठेवून त्याने त्यांचा आवाज खोलीभर केला. आकडा आणि धूसर दिसण्याचं ऐकताच त्यांचा सूर बदलला.

"ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात न्या. टॅक्सी करा. गोळ्या मनाने देऊ नका. बरं, त्रास होतोय हे तुमच्या लक्षात कधी आलं? किती दिवसांपूर्वी? मला हे नीट कळायला हवं."

बायको त्याच्याकडे कौतुकाने बघत होती. खोटं बोलायला एकच वाक्य पुरलं असतं. पण समोर तिच्या जिवाचा प्रश्न होता.

"लक्षात आलंच नव्हतं, बाई," तो म्हणाला. "तिचे आकडे माझे म्हणून देणार होतो. क्रेन जाऊ नये म्हणून."

डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या, "आधी निघा."

बायकोने बाही खाली केली, चपला घातल्या आणि जिना उतरली. त्याने तिचा दंड धरला, तो तिने सोडवून घेतला नाही आणि त्याच्याकडे बघितलंही नाही. टॅक्सी दोन चौक पुढे गेल्यावर तिने विचारलं, "माझं कमी आलं असतं, तर?"

त्याने टॅक्सीवाल्याला गाडी जोरात घ्यायला सांगितलं.

"तर आठवडाभर घेतली असतीत माझी काळजी," तीच म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ."