साडेसहाचा आकडा

“काका, आता तुम्हीच सांगा, ही वही खरी मानू की हे मशीन?”

डॉक्टरबाईंच्या एका हातात मीटरकाकांची वही होती आणि दुसऱ्या हातात रक्तातली साखर मोजायचं त्यांचं छोटं मशीन. काकांना प्रश्नच कळेना. वहीतला एकूण एक आकडा त्या मशीनमधूनच तर उतरवला होता.

“वहीत रोज सकाळी एकशे चार, एकशे बारा, एकशे आठ. आणि मशीनमध्ये चौदा दिवसांची सरासरी एकशे त्रेसष्ट. दोन्ही कसं खरं असेल?”

“मशीन बिघडलं असेल.”

“आत्ता तपासलं ना आपण. तुमच्या मशीनवर आणि इथल्या मशीनवर आकडा सारखाच आला.” डॉक्टरबाई काकांच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी आवाज मऊ केला. “रागावू नका काका, पण बरेच पेशंट करतात असं. वाईट आकडा आला की लिहायचा नाही, पुन्हा बोट टोचायचं, आणि चांगला आला की तो लिहायचा. त्यावर विसंबून मी गोळी कमी केली तर नुकसान तुमचंच आहे. लॅबमध्ये तीन महिन्यांच्या सरासरीची चाचणी करून या. तोवर संध्याकाळची गोळी चालू ठेवा.”

काका उठले, वही पिशवीत टाकली आणि चपला उलट्यासुलट्या घालून बाहेर पडले. फाटकापाशी आल्यावर ते त्यांच्या लक्षात आलं.

तीस वर्षं ते घरोघरी पाण्याचे मीटर वाचत होते. उकिडवं बसायचं, झाकण उचलायचं, काच पुसायची, आकडा वाचायचा आणि जागच्या जागी वहीत लिहायचा. आकडा मनात ठेवून दोन पावलं चाललो तरी तो बदलेल अशी त्यांना धास्ती. लोक वाद घालत. एवढं पाणी आम्ही वापरलंच नाही म्हणत, मीटर खोटं आहे म्हणत. त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं होतं. “मीटर कशाला खोटं बोलेल? त्याला त्यात काय मिळणार?” लोक चरफडत, आणि काका पुढच्या घरी जात. आज ते स्वतः चरफडत निघाले होते आणि पुढचं घर त्यांचंच होतं.

तीन वर्षांपूर्वी साखर निघाली तेव्हा सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा दोन गोळ्या लागल्या. सकाळच्या गोळीशी काकांचं वाकडं नव्हतं. संध्याकाळची मात्र त्यांच्या डोळ्यात सलायची. ती सुटली की आपण अर्धे बरे झालो, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. तेवढ्यासाठी पहाटे उठून पाऊण तास चालणं, बिनसाखरेचा चहा, मुठीएवढा भात. कार्यालयात कुणाचा केक कापायची वेळ झाली की काका नेमके हात धुवायला जात आणि बराच वेळ हात धूत. दोनदा त्यांनी हे सगळं सोडून द्यायचं ठरवलं होतं. दोन्ही वेळा काकूंनी दुसऱ्या दिवशी त्यांचे बूट दाराशी आणून ठेवले होते.

काकू दारातच उभ्या होत्या. “सुटली का हो गोळी?”

“कसली सुटते! मशीन म्हणतंय, मी खोटारडा आहे.”

“म्हणजे?”

“माझे आकडे शंभर-एकशे दहा आणि त्याच्या पोटात सरासरी एकशे त्रेसष्ट. डॉक्टरीण म्हणते, वाईट आकडे लपवता.”

काकूंचा चेहरा एकदम उतरला. “मशीनला काय कळतंय!” त्या नको तेवढ्या जोरात म्हणाल्या आणि भाजी करपल्याचं निमित्त करून आत गेल्या. भाजी अजून चुलीवर चढलीच नव्हती, पण काकांचं लक्ष नव्हतं.

दुपारभर ते वही उलटसुलट चाळत बसले. आपण खोटं लिहिलं नाही हे त्यांना ठाऊक होतं. मशीनला खोटं बोलून काही मिळत नाही हेही ठाऊक होतं. मग घोळ कुठे होता? चार वाजता काकू दळण आणायला गेल्या, आणि काकांच्या मनात आलं की मरू दे सगळं. इतकं करून खोटारडाच ठरणार असू, तर खाऊन तरी ठरू. त्यांनी कपाट उघडलं. शेजारणीने गेल्या महिन्यात दिलेली जॅमची बाटली मागच्या बाजूला होती. त्यांनी ती पुढे ओढली तर हाताला हलकी लागली. बाटली तळापर्यंत रिकामी होती. आत चमचा तेवढा उरला होता.

काका मटकन खुर्चीवर बसले. घरात माणसं दोन. काकूंना गोडाची फारशी आवड नाही, हे बत्तीस वर्षांचं ज्ञान. मग राहिलं कोण? आपण झोपेत उठून खातो की काय? तसं असेल तर सरासरीचं कोडं सुटत होतं, पण काका पार हादरले. वय झाल्यावर डोक्याचं असं काहीतरी होतं म्हणे. त्यांनी हाताच्या बोटांना वास घेऊन पाहिला. साबणाचा येत होता.

मग त्यांनी मशीन काढलं. जुने आकडे बघायचं बटण त्याला होतं, पण स्वतःच्या वहीपुढे त्यांना त्याची कधी गरज वाटली नव्हती. आज त्यांनी ते दाबलं. दवाखान्यातला आकडा सोडून ते सकाळवर आले. आजची तारीख, सहा वाजून पाच मिनिटं, एकशे नऊ. हा वहीत होता. सहा वाजून एकतीस मिनिटं, दोनशे अकरा. हा नव्हता. कालची तारीख. सहा वाजून चार, एकशे सहा. सहा वाजून एकोणतीस, दोनशे सव्वीस. काका बटण दाबत राहिले. रोज दोन आकडे. सहाचा त्यांचा. साडेसहाचा कुणाचा?

साडेसहाला ते घरात नसतच. त्या वेळी ते मैदानाच्या पलीकडच्या टोकाला असायचे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बंद घराबाहेर ते असेच चक्रावून उभे राहिले होते. दाराला कुलूप, आणि मीटरचं चक्र भिंगरीसारखं फिरतंय. दोन खेपा घातल्यावर उलगडा झाला. त्या मीटरवरून शेजारचंही एक घर पाणी घेत होतं. पुढे तीस वर्षांत अशी सतरा घरं त्यांनी पकडली. पद्धत एकच, गेल्यासारखं करायचं आणि अवेळी परत यायचं. दर वेळी त्यांना मनातून फार बरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बोट टोचलं, वहीत एकशे सात लिहिले, बूट चढवले आणि बाहेर पडले. कोपऱ्यापर्यंत गेले, तिथे वीस मिनिटं खांबासारखे उभे राहिले आणि परत फिरले. दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात काकू पाठमोऱ्या बसल्या होत्या. डाव्या हाताचं बोट त्यांनी दाबून धरलं होतं आणि समोर मशीन होतं.

“किती?” काकांनी विचारलं.

काकू दचकल्या. मग मान खाली घालून म्हणाल्या, “दोनशे अठरा.”

सतरा घरांच्या वेळी बरं वाटलं होतं, तसं काही वाटेना.

“कधीपासून?”

“तुमच्या त्या मशीनलाच विचारा. सगळं पोटात ठेवतं मेलं, मला काय ठाऊक! मला वाटलं, तुम्ही लिहाल तेवढंच राहतं.”

“अगं, पण सांगायचं नाही?”

“काय सांगू? सारखी तहान लागायची, पाय जळजळायचे. म्हटलं, बघू तरी टोचून. पहिल्याच दिवशी दोनशेच्या वर. तुमची गोळी सुटायला आलेली. रोज वहीत आकडा लिहिताना तुमचा चेहरा बघत होते मी. त्यात माझं घोडं कुठे पुढे दामटू? म्हटलं, एकदा यांची गोळी सुटू दे, मग सांगू.” काकूंनी पदराने बोट पुसलं. “मशीनच्या पट्ट्या मीच आणते, म्हणून दुप्पट खपल्या तरी तुम्हाला कळलं नाही. पण तुमची गोळी माझ्यामुळेच अडकेल, हे नव्हतं हो वाटलं.”

काकांना सुचलं ते भलतंच. “आणि जॅम?”

“घरात राहिलं की तुम्ही खाणार. फेकून देववत नाही. मग कोण खाणार?”

“सगळं?”

“केक, बिस्किटं, लोकांनी दिलेले डबे. तीन वर्षं तुमच्या डोळ्यांसमोरून काही ना काही हलवतेच आहे. आधी जिवावर यायचं. मग आवडायला लागलं.”

त्या हसल्या. काकांना मात्र भडभडून आलं. तीन वर्षं ते स्वतःच्या निग्रहाची पाठ थोपटत होते. घरात गोड दिसत नाही म्हणून खात नाही, की मनावर ताबा आहे म्हणून खात नाही, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. तो आता पडला, आणि त्याचं उत्तर कुठल्याच वहीत नव्हतं.

त्या आठवड्यात दोघांच्याही चाचण्या झाल्या. काकांची उत्तम आली. काकूंची काय येणार हे सगळ्यांना ठाऊकच होतं. “काका, तुमच्या वहीवर संशय घेतला, सॉरी,” डॉक्टरबाई म्हणाल्या. ते ऐकायचं म्हणून आठ दिवस काका मनातल्या मनात एक झणझणीत उत्तर घोळवत होते. पण काकू शेजारच्या खुर्चीत मांडीवर पिशवी घेऊन शाळेतल्या मुलीसारख्या बसलेल्या बघून त्यातलं एकही वाक्य बाहेर पडेना.

“तुमची संध्याकाळची गोळी बंद,” डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि दुसरा कागद ओढून काकूंकडे वळल्या. “काकू, तुम्हाला संध्याकाळी एक सुरू करू. हीच.”

“हीच?” काकूंनी विचारलं. “म्हणजे यांची पाकिटं उरलीत घरात, ती चालतील?”

“चालतील की. गोळी तीच, तेवढीच.”

घरी येताना काकांनी आपल्याला आनंद झालाय का, हे दोन-तीनदा चाचपून पाहिलं. काही उमगलं नाही. “उद्यापासून येशील चालायला?” त्यांनी विचारलं.

“तुमच्या पावलाला पाऊल नाही मिळवता यायचं मला.”

“हळू चालू.”

संध्याकाळी जेवणं झाली. काकूंनी रोजच्यासारखं गोळ्यांचं पाकीट टेबलावर आणून ठेवलं. काका बोलता बोलता ते उचलून मोकळे झाले, अंगठ्याने दाबून गोळी काढली, तळहातावर घेतली आणि मान मागे टाकून तोंड उघडलं.

“तोंड मिटा,” काकू म्हणाल्या. “माझी आहे ती.”

काकांनी तोंड मिटलं. मग त्यांनी ती अलगद काकूंच्या हातावर ठेवली आणि पाणी आणायला उठले. काकूंचा पेला कुठल्या फडताळात असतो, ते त्यांना तीनदा विचारावं लागलं.