माहेरवाशिणींचा बांध

नवमीच्या दिवशी बाबा नव्याने भरलेल्या वाळूवर कोणाला पाऊल ठेवू देत नव्हते. "आधी पाय धू, मग आत ये," बाळकुमहून माहेरी आलेल्या मला, त्यांच्या लेकीलाही, त्यांनी सोडले नाही.

कल्याणचे पाणी गाळायला खाडीकाठी तीन हौद होते. तळाला दगड, वर खडी, त्यावर वाळू. तलावाचे पाणी त्यांतून झिरपून टाक्यात उतरे. गेल्या पावसाळ्यात खाडी बांध ओलांडून आत आली आणि हौदांत खारा चिखल बसला. शहर पुन्हा गढूळ पाणी प्यायले आणि घरोघर पटकीची साथ शिरली. तेव्हापासून गाळणी बंदच होती. बाबा टोळीचे मुकादम. त्यांच्या माणसांनी सगळी वाळू उपसली, धुतली, परत भरली. बांधही उंच केला. आता त्यातले एक खिंडार तेवढे बुजवायचे उरले होते.

"अमावास्येचं उधाण त्याआधी आलं तर?" मी विचारले.

"उधाण अमावास्येलाच येतं गो, आधी नाय येत. एवढी पुस्तकं वाचतेस नि हे ठाव नाय?" बाबा हसले. "जा, भाकऱ्या जास्त टाक. टोळी भुकेली हाय."

मी भाकऱ्या टाकल्या, सुकटीचे कालवण केले. दिवस तेवढ्यावरच संपला.

दशमीला सकाळी गडी ओरडत आले, मुकादमांना पान लागले. साप चावला की आमच्यात असेच म्हणतात, त्याचे नाव घेत नाहीत. दुपारपर्यंत सगळे आटोपले होते.

टोळी म्हणजे आमची भावकीच. साऱ्या भावकीला दहा दिवसांचे सुतक. सुतक्याने पिण्याच्या पाण्याला, त्याच्या कामालाही हात लावायचा नाही. बाहेरची माणसे आणावीत, तर पावसाआधी मीठ उचलायला सगळे गडी मिठागरांवर गेलेले.

"दादा, मग वाळू पुन्हा खारवू द्यायची?" मी काळुरामदादाला विचारले. तो माझा चुलतभाऊ, टोळीत बाबांच्या खालोखाल.

"आम्ही हात लावला नि शहराला कळलं, तर ते पाणी कोण पिईल? ओतून देतील, शेवंते." त्याने तोंड फिरवले. तो चुकीचे बोलत नव्हता.

त्रयोदशीला ठमाबाई आत्याने माझ्या डोक्यावरून पाणी घातले. "झालं. लगीन झालेल्या लेकीचं तीन दिवसांत फिटतं. तुझं फिटलं, माझं फिटलं."

ओले केस हातात धरून मी तशीच थांबले. "आत्या, आणि भावकीतल्या बाकीच्या लेकींना?"

"त्यांना कसलं सुतक? दिल्या घरच्या त्या."

"पण वाढल्या सगळ्या बांधांवरच ना?"

आत्याने पदर कमरेला खोचला. "कोपरला तू निरोप धाड. मुंब्र्याला मी होडी सोडते."

चतुर्दशीला उजाडता उजाडता त्या आल्या. डोक्यावर पाट्या, काखेत पोरे. त्यांतल्या बायजाने होडी काठाला लागायच्या आधीच उडी टाकली. "सासूला सांगितलं, माहेरी बोलावलंय. चिखल तुडवायला, ते नाय सांगितलं!"

ओहोटीत चिखलाच्या ढेपा कापायच्या, हातोहात पुढे द्यायच्या, पायांनी तुडवायच्या. पुरुष लांब उंचवट्यावर ओळीने बसले होते. काळुरामदादाला राहवेना. "अगो, बांधाच्या पोटात दगड घाला! नुसता चिखल राहील का?"

"दादा, तोंडाला सुतक नाय वाटतं?" बायजा ओरडली. उंचवट्यावर हशा पिकला. मीही हसले, आणि हसता हसता पुढची ढेप उचलली.

अमावास्येला दुपारी भरती चढू लागली तेव्हा हातभर फट राहिली होती. पाणी तिच्यातून जिभेसारखे आत सरकले. वाळूचा पहिला हौद तिथून चार पावलांवर. ढेप टाकली की विरघळे, दगड टाकला की घसरे. "हटा!" म्हणत आत्या खाडीकडे तोंड करून फटीला पाठ लावून बसलीच.

"आत्या, उठ!"

"बोलू नको, भर!"

आम्ही तिच्या मागे दगड रचले, दगडांवर ढेपा थापल्या. पाणी तिच्या छातीशी आले तशी चौघींनी तिला उपसून काढली आणि राहिलेली जागा एकदम भरली. बांध हलला, पण धरून राहिला. खाडी काठोकाठ चढली, थबकली. मग बांधाच्या बाहेरच्या अंगाला ओली रेघ दिसू लागली, बोटभर, मग चार बोटे. बायकांनी असा गलका केला की उंचवट्यावरचे पुरुष उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी टाक्याची तोटी सोडली. तानाजी पाणक्या बैलावर पखाल घालून शहरातून आला. गाळणी बंद झाल्यापासून तो इकडे फिरकलाच नव्हता. त्याने ओंजळ भरून घोट घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला.

"गोडं हाय! मुकादम कुठं हायत? त्यांना सांगू द्या."

बायका आत्याकडे पाहू लागल्या. इतके दिवस येईल त्याला तीच सांगत होती. माझ्या तोंडून ते एकदाही निघाले नव्हते. आत्याने तोंड उघडले. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि पुढे झाले.

"मी त्यांची लेक," मी म्हणाले. "माझे बाबा वारले."