करवतीचा बोथट दाता

"सगळ्याले हात काहून लावून राहिले जी? घ्यायचं तं काही नाही," रुखमिणी मागून नवऱ्याला म्हणाली.

जयपूरच्या जोहरी बाजारात गोमाजींनी सकाळपासून अकरा दुकानांतल्या कापडाला हात लावला होता. पदर दोन बोटांत धरायचा, हलकेच चोळायचा, "मशीनचं" म्हणायचं आणि सोडायचा. एका दुकानदाराने त्यांना सरकारी तपासनीस समजून चहासुद्धा विचारला.

गोमाजींनी मोहाडीत बावन्न वर्षं हातमाग चालवला. मुलगा प्रविण जवाहरनगरच्या सरकारी कारखान्यात. सरकारने त्याला देश पाहायची सवलत दिली आहे, म्हणून तो ठरलेल्या वर्षी ठरलेला देश पाहतो. या खेपेला त्याने आईबापही घेतले. मागच्या दिवाळीत माग उतरवून त्या जागी सोफा आला होता आणि गोमाजी सोफ्यावर न बसता त्याच्या शेजारी जमिनीवर बसत. डॉक्टरांनी हवापालट सुचवला. सोफा पालटायचं कोणी सुचवलं नाही.

हवामहालाला नऊशे त्रेपन्न खिडक्या आहेत, असं प्रविणने वाचून दाखवलं.

"पुसते कोण?" गोमाजींनी विचारलं.

सून अंजूला बांधणी हवी होती, म्हणून सगळे बाराव्या दुकानात शिरले. गादीवर दिल्लीकडच्या एक चष्मेवाल्या बाई बसल्या होत्या. त्यांच्यापुढे कोशाची, टसर रेशमाची साडी उलगडलेली. काठाला करवतीसारखे दाते. दुकानदार सांगत होता की जयपूरजवळच्या एका खेड्यात एक घराणं सात पिढ्या हेच विणतं.

गोमाजी उभे राहिले. रुखमिणीही. दोघांची नजर डाव्या काठावर एकाच ठिकाणी गेली आणि तिथून अंजूच्या कडेवरच्या दीड वर्षाच्या तृप्तीकडे.

करवतकाठी साडीला आडवा धागा नेणारे तीन धोटे लागतात आणि दोन माणसं. एक मागावर, दुसरं काठाशी बसून धोटा परत देणारं. काठाशी चाळीस वर्षं रुखमिणी होती. दीड वर्षापूर्वी अशाच एका साडीवर दोघं असताना प्रविणचा फोन आला, मुलगी झाली म्हणून. रुखमिणीचा हात थबकला. धोटा एक फेर उशिरा आला आणि एक दाता बोथट राहिला.

"उसवू?" तिने विचारलं होतं.

एका धाग्यासाठी वीतभर कापड उसवणारा माणूस तेव्हा म्हणाला, "राहू दे." व्यापाऱ्याने साडी नाक मुरडून नेली. नंतर ती कुठे गेली, कळायचं कारण नव्हतं. बावन्न वर्षांत आपलं एकही लुगडं कोणाच्या अंगावर गोमाजींनी पाहिलं नव्हतं.

आता त्या बाईंचं बोट नेमकं त्याच दात्यावर आलं. "भैया, यहाँ टूटा हुआ है. मशीन का माल है ये." त्यांनी साडी बाजूला सारली. सात पिढ्या गप्प झाल्या.

"बाईजी," गोमाजी आपल्या हिंदीत म्हणाले, "मशीन चुकती नहीं. मशीन के घर में नातीन होती नहीं."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आपको कैसे पता?"

गोमाजींनी साडीचं एक टोक उचललं. रुखमिणीने न सांगता काठ धरला. "ये दाता अकेले का काम नहीं. मैं इधर से धोटा फेकता, ये उधर से देती." रुखमिणीचा हात रिकामाच पुढे आला, वळला आणि परत गेला. मग बोथट दात्यापाशी थबकला.

अंजू सासूचा तो हात पाहत राहिली. सोफा तिनेच निवडला होता.

"माताजी, कहाँ के हैं आप?" दुकानदाराने विचारलं. आवाजातलं सात पिढ्यांचं खेडं गेलं होतं.

"मोहाडी," रुखमिणी म्हणाली. जयपूरला कळावं म्हणून पुढे जोडलं, "तुमसरच्या अलीकडे."

बाईंनी साडी पुन्हा मांडीवर ओढली. "यही दीजिए." मग रुखमिणीच्या अंगावरच्या नायलॉनच्या साडीवरच्या फुलांकडे पाहत त्यांनी विचारलं, "आपके पास तो ऐसी बहुत होंगी?"

"नाही बाई," रुखमिणी म्हणाली. "आमी विणतो."

दुकानदार घडी घालू लागला तसं गोमाजींनी त्याला हातानेच थांबवलं. काठ मोडत होता. मग दोघांनी दोन टोकं धरली, ताणली आणि एकेक पाऊल टाकत दोघं एकमेकांकडे आली. शेवटच्या घडीत बोथट दाता वर राहिला. गोमाजींनी साडी दोन्ही हातांनी बाईंच्या हातात दिली.

तेराव्या दुकानात त्यांनी कापडाला हात लावला नाही. दोन्ही हात पाठीशी बांधून, तपासणी आटोपलेल्या साहेबासारखे, ते नुसते पाहत पुढे गेले.