लाकडाच्या आतली वाट

सुतार कामाला वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. त्याच्या दारा-खिडक्यांत बोट दाखवायला जागा नसे. पण थोरल्या बहिणीच्या शेळ्यांसाठी त्याने बांधलेला गोठा दोन वर्षांत बसला. एक खांब जमिनीलगत मोडला, छप्पर कलंडलं आणि त्याखाली गाभण शेळी गेली. ताईने विचारलं, असं कसं झालं रे? तर या शहाण्याने ठोकून दिलं की शेळ्यांच्या मुताने खांब कुजला, तू जमीन कोरडी ठेवत नाहीस.

आयुष्यभर त्याला दटावत आलेल्या ताईने त्या दिवशी ते खरं मानलं. तेव्हापासून ती दिवसातून चार वेळा जागा झाडायची, गुडघे धरून उठायची आणि येईल-जाईल त्याला सांगायची की माझ्या हयगयीने मुकं जनावर गेलं. सुताराला ते ऐकवत नव्हतं. पण आपलं काही चुकलं असंही त्याला वाटत नव्हतं. खांबांना वाळवीच्या औषधाचे तीन हात दिले होते ना, मग झालं तर.

नव्या गोठ्याचे खांब घ्यायला तो वखारीत गेला. वखारवाली मावशी सत्तरीची आणि तोंडाची फटकळ. शेळ्या लाकूड चघळतात का, हे तिने आधी विचारलं. चघळणारच. मग त्यांचं तोंड पोचेल तिथवर औषधाचा थेंब नको, तिथे नुसतं गाभ्याचं लाकूड लाव, असं तिने बजावलं. औषध फक्त जमिनीत जाणाऱ्या टोकाला. तीस वर्षं हेच काम करतोय, असं सुताराने जरा नाक वर करूनच सांगितलं.

मावशी हसली. तिने एका ओंडक्याच्या बाहेरच्या पांढऱ्या भागातून वीतभर पट्टी कापली आणि आतल्या तपकिरी गाभ्यातून दुसरी. पांढऱ्या पट्टीच्या एका टोकाला साबणाचा फेस लावला आणि म्हणाली, फुंक.

म्हातारी आपली फिरकी घेतेय असं त्याला वाटलं. पट्टी भरीव होती. त्याने उलटसुलट करून पाहिली, कुठे भोक नाही, चीर नाही. लाजत लाजत त्याने दुसरं टोक तोंडाला लावलं आणि फुंकलं. पलीकडचा फेस हलला. मोहरीएवढा एक फुगा आला, मग दहा आले, मग फेस फुगून जमिनीवर पडला.

तो आ वासून बघत राहिला. मग गाभ्याची पट्टी घेतली आणि कान लाल होईस्तोवर फुंकलं. फेस ढिम्म हलला नाही. पुन्हा पांढरी घेतली. पुन्हा फुगे.

त्याच्या अंगावर काटा आला. तीस वर्षं हे लाकूड कापलं, तासलं, त्याचा भुसा नाकातोंडात घेतला आणि त्याच्या आत आरपार वाटा आहेत हे त्याला ठाऊकच नव्हतं. याच वाटांनी झाडाने पाणी मुळापासून शेंड्यापर्यंत चढवलं असणार. झाड पडलं, फळ्या झाल्या, तरी वाटा उघड्याच. देवा रे, काय हे! तो फुंकतच राहिला. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती, पण मावशीने त्यांना थांबवून धरलं.

मग ती म्हणाली, "ओलही याच वाटेने चढते. बाजूने फासलेलं औषध नखभर आत जातं, पण टोकातून चांगलं वर चढतं. म्हणून खांब आधी मापात कापायचा आणि मग त्याचं टोक दोन दिवस औषधात उभं ठेवायचं."

आधी कापायचा. सुताराचा हात तिथेच थांबला. पहिल्या गोठ्याच्या वेळी खांब वीतभर जास्त लांब निघाले होते. औषधाचे तीन हात वाळल्यावर त्याने ते बुडातून कापले होते, छप्पर सपाट बसावं म्हणून. सगळ्यात जास्त औषध प्यायलेलं टोक कचऱ्यात टाकलं आणि उघडं लाकूड ओल्या मातीत पुरलं. वर खापर फोडलं ताईच्या माथ्यावर.

खांब वखारीतच ठेवून, पांढरी पट्टी घेऊन तो तडक ताईकडे गेला. काही न लपवता सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्यामुळे नाही गेली ती?"

"नाही, ताई. माझ्यामुळे गेली."

ताई रडली. सुताराला वाटलं, आता आपली काही धडगत नाही. पण डोळे पुसून तिने पट्टी मागितली, वाटीत साबण कालवला आणि स्वतः फुंकून पाहिलं. फुगे आले तशी तिची मान ताठ झाली. पुन्हा फुंकलं. मग पायात चपला सरकवल्या.

"चल," ती म्हणाली. "मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांना आता तू सांग."

सात घरं होती. प्रत्येक दारात सुतार आधी आपली चूक सांगे आणि मग पट्टी फुंकून दाखवे. चौथ्या घरापासून फुंकायचं काम ताईने स्वतःकडे घेतलं.